जिला आकडीभोवती नेले, तिचे घर

मी, गेर्बुर्ग टेम्मिंग, कै. हाइनरिश टेम्मिंग यांची धाकटी मुलगी, अविवाहित, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, विषय जर्मन आणि लॅटिन, राहणार टेम्मिंगच्या शेतवाडीतले धाकटे घर, म्युन्स्टरलांड, जर्मनी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्याच शाईने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करीत नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट, जिच्या नावे यातली मुख्य गोष्ट करायची आहे ती "कशाला हा उपद्व्याप" म्हणत आठवडाभर फुगून बसली आहे.

यापूर्वीचा एक कागद शिवणाच्या डब्यात सापडेल. तो मी रागाच्या भरात लिहिला होता, तो रद्द समजावा. हाही रागातच लिहीत आहे, पण हा राग मुरलेला आहे.

स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्या कायद्यात साक्षीदार लागत नाहीत. आमच्या गावात मात्र जन्म, मरण आणि डुक्कर कापणे यांतले काहीही पहिल्या शेजाऱ्याने पाहिल्याशिवाय झाले असे धरत नाहीत. म्हणून शेवटी साक्षीदार घेतले आहेत.

कलम पहिले: माझी माती

पहिल्या शेजाराचा मान वॉर्टमानांचा आहे. क्लेमेन्स वॉर्टमानने दारोदार जाऊन निरोप सांगावा, त्याच्या मुलांनी खांदा द्यावा. आमच्या पाद्रीबाबांकडे पाच गावे आहेत आणि ते मेलेल्याचे नाव चिठ्ठीवरून वाचतात. माझे नाव त्यांनी पाठ करून यावे. 'गेर्ट्रूड' म्हणाले तर क्लेमेन्सने मोठ्याने खोकावे.

नंतर कॉफी, हॅम घातलेले पाव, लोण्याचा केक आणि पुरुषमंडळींना धान्याची दारू. केक बेकरीतून आणावा. माझ्याबरोबर राहणारी हेडल माझ्या मातीच्या दिवशी भट्टीपाशी उभी राहणार नाही. या घरातल्या प्रत्येक बारशाला, लग्नाला आणि मातीला ती स्वयंपाकघरात होती, आणि तिचा घास कायम उभ्यानेच झाला. माझ्या मातीला तिने टेबलाच्या वरच्या टोकाला, हातांच्या खुर्चीत बसायचे आहे. तिने उठण्याचा प्रयत्न केला तर आगाथे वॉर्टमानने तिला खांदा धरून खाली बसवावे. आगाथेचे वजन या कामाला पुरेसे आहे.

ही माझी लहर नव्हे. उत्तरेकडची आमची भावंडे, नॉर्वे आणि आइसलँडची, मेलेल्याच्या नावाने जे जेवण घालीत त्याचे नाव आणि वारशाचे नाव एकाच मुळातले आहे. त्या जेवणात वारस आधी मोठ्या आसनासमोरच्या पायरीवर बसे. प्याला आला, त्याने शब्द दिला, की मग त्याला उठवून आसनावर बसवीत. हेडल पायरीवर पुरेशी बसली आहे.

कलम दुसरे: घर

धाकटे घर, त्याची फळबाग, विहीर आणि मागची मधमाश्यांची पडवी मी हेडविग हेर्त्सिग, जिला सगळे हेडल म्हणतात, हिला पूर्ण मालकीने देते. फक्त राहण्याचा हक्क नव्हे. मालकी. तिने ते विकावे, वाटावे, नाहीतर त्यात शेळ्या बांधाव्या. तिला कोणी कारण विचारू नये.

आता लुडगर, माझा पुतण्या, वकिलाकडे धावेल, म्हणून कारण मीच लिहून ठेवते. कायद्याने पुतण्याचा सक्तीचा हिस्सा नसतो, तेव्हा कारण देण्याचे मला बंधन नाही. मी ते देते, कारण तीस वर्षे मी वर्गात 'उत्तर दिलेस, पण कारण कुठे आहे?' असे विचारीत आले.

आमच्याकडे शेतवाडीचे तुकडे करीत नाहीत. एकाने सगळी घ्यायची आणि बाकीच्यांनी बाजूला व्हायचे. कायद्यात अशांना 'बाजूला होणारे वारस' असेच नाव आहे. माझा भाऊ अँटोन थोरला, त्याने वाडी घेतली. मी बाजूला झाले. त्याच्याकडे रोकड नव्हती, म्हणून माझ्या हिश्श्यापोटी त्याने धाकटे घर मला लिहून दिले. थोरले घर वारसाला सोडल्यावर म्हाताऱ्या आईबापांनी राहावे म्हणून हे घर बांधलेले. सही करताना अँटोन म्हणाला, "तू बिनलग्नाची. घर आपसूक परत येईल." हे त्याने प्रेमाने म्हटले होते. तो असलीच वाक्ये प्रेमाने म्हणत असे. देव त्याला शांती देवो, घर त्याने खरोखर चांगले दिले. छप्पर कधी गळले नाही, आणि यासाठी मी त्याची ऋणी आहे.

हेडल युद्ध संपल्यानंतरच्या वर्षी आली. पूर्वेकडच्या डोंगरातून, ग्लात्सहून, तो मुलूख पोलंडकडे गेला म्हणून हाकलून दिलेल्या जर्मन माणसांच्या गाडीतून. ती पाच वर्षांची होती, आई बरोबर होती, बाप युद्धातून परतला नव्हता. गावच्या कचेरीने माणसे शेतवाड्यांवर वाटून दिली. गुरे वाटतात तशी, असे माझी आई म्हणे. त्या मायलेकींना आमच्या गोठ्यावरची खोली मिळाली. पहिल्याच हिवाळ्यात तापाने हेडलची आई गेली. परगावची, परक्या बोलीची बाई. पण वॉर्टमानांनी पहिल्या शेजाराचा धर्म पाळला आणि तिची पेटी खांद्यावरून नेली. त्या दिवसाबद्दल वॉर्टमानांच्या सगळ्या पिढ्यांचे मी आभार मानते.

मातीहून परतल्यावर पोर दारात उभी राहिली. आत यायचे की गोठ्यावर जायचे, तिला कळेना. तेव्हा माझ्या आईने मला कडेवर घेतले, दुसऱ्या हाताने तिचा हात धरला आणि तिला थोरल्या चुलीपाशी नेले. चुलीवर भांडे टांगायची लोखंडी आकडी लोंबत असे. आमची जुनी रीत अशी की घरात नवीन येणाऱ्याला, मग ती नवरी असो की मोलकरीण, त्या आकडीभोवती तीनदा फिरवायचे. फिरवले की माणूस घराचे. आणलेले मांजरसुद्धा फिरवीत, म्हणजे पळून जात नाही.

आई तिला फिरवू लागली तशी आजी शेगडीपासून ओरडली, "अगं, हे नव्या सुनेला करतात, नाहीतर मोलकरणीला, नाहीतर मांजराला! ही यातली कोण?"

आई म्हणाली, "तुम्हाला हवं ते धरा, सासूबाई. मी फिरवतेय."

मी दोन वर्षांची होते, मला हे आठवण्याचे कारण नाही. पण आईने ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली की चुलीची ऊब मला माझ्या गालावर आठवते. आई, तुझी मी सगळ्यात जास्त ऋणी आहे. तू फारसे बोलली नाहीस, पण जे केलेस ते पक्के केलेस.

त्यानंतर काय झाले ते गावाला ठाऊक आहे. हेडल मोठी झाली, गाईंची धार काढू लागली, भाकरी भाजू लागली. मला नन्सच्या शाळेत वसतिगृहात पाठवता आले, कारण घरी दूध काढायला हेडल होती. आईबाप धाकट्या घरात आले तेव्हा त्यांच्याबरोबर तीही आली आणि दोघांचे शेवटपर्यंत तिनेच केले. गोवर निघाला तेव्हा लुडगरच्या उशाशी कोण होते, हे लुडगरने आठवून पाहावे. मी निवृत्त होऊन परतले तेव्हा दारात हेडल होती. म्हणाली, "चपला पुसून ये."

अँटोनने थोरल्या घरात नळांनी घर तापवणारी वाफेची शेगडी बसवली, जुनी चूल पाडली आणि आकडी भंगारात टाकली. हेडलने ती चिखलातून उचलली, घासली आणि आईच्या हवाली केली. तेव्हापासून ती धाकट्या घरात आमच्या शेकोटीवर टांगलेली आहे.

कलम तिसरे: शब्दाबद्दल, म्हणजे कायद्यात कोणी शब्दावर बोट ठेवू नये

आमच्या भागात 'एर्बे' म्हणजे वारसा, आणि एर्बे म्हणजे शेतवाडीसुद्धा. पूर्ण एर्बे, अर्धे एर्बे, अशी वाड्यांची जातच लागते. त्यामुळे नन्सच्या शाळेत सिस्टर राइनहिल्डिसने विचारले, "मुलींनो, एर्बे म्हणजे काय?" तेव्हा अख्खा वर्ग ओरडला, "शेतवाडी, सिस्टर!"

"किती जमीन असते तिला?"

"आमची साठ मोर्गन!" पुढच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली. तिच्या बापाला तिच्याहून साठ मोर्गन जास्त प्यारे होते.

"चूक," सिस्टर म्हणाल्या. "बसा सगळ्या. एर्बे म्हणजे आधी पोरका."

आम्ही बसलो. सिस्टर सांगत गेल्या. डच लोक एर्फ म्हणतात, स्वीडिश आणि डॅनिश लोक आर्व, गॉथ लोक बायबलात आर्बी लिहून गेले. जुन्या इंग्लंडात याच शब्दाच्या घरात गुरेही आली, कारण बाप मागे ठेवून जाई ती गुरेच. पुढे इंग्रजांनी तो शब्द टाकला आणि फ्रेंचांकडून उसना घेतला. या सगळ्यांच्या मुळाशी एकच लेकरू आहे, ज्याचे मायबाप गेले ते. ते दुसऱ्याच्या दारी गेले, आणि गेलेल्यांचे जे उरले ते त्याच्याकडे आले. ग्रीकांनी तोच शब्द नेला, त्यांच्याकडे त्याचा अर्थ अनाथ. हिंदुस्थानात तर नुसते तान्हे उरले, अर्भक. स्लाव लोकांकडे त्याच शब्दाचा गुलाम झाला आणि वेठबिगारी झाली. आमचा 'आर्बाइट', म्हणजे कष्ट, हाही त्यातलाच असावा असे बरेच जण मानतात. सगळ्यांचे एकमत नाही, हे सिस्टरनी प्रामाणिकपणे सांगितले.

मग त्या खडू ठेवून म्हणाल्या, "ग्रीकांनी पोर ठेवलं. आपण जमीन ठेवली. आपल्याबद्दल हे फार काही चांगलं बोलत नाही."

साठ मोर्गनवाली म्हणाली, "पण सिस्टर, पोरक्याला कोण वारस करील?"

"ज्याला भाषा येते तो," सिस्टर म्हणाल्या.

सिस्टर राइनहिल्डिस, तुमचे आभार. तुम्ही मला बोटांवर पट्टी मारलीत आणि हेही शिकवलेत. दोन्ही लागू पडले. त्या सुट्टीत मी घरी आले आणि गोठ्यात जाऊन हेडलला सगळे सांगितले. ती गाईच्या पोटाला डोके टेकून धार काढत होती.

"म्हणजे पोरकी, कष्ट करणारी आणि वारस, हे एकच?" तिने विचारले.

"मुळात एकच."

"बरं झालं सांगितलंस. पहिली दोन माझ्याकडे आहेतच. बादली सरकव जरा."

पण मी घर शब्दाच्या जोरावर देत नाही. शब्द सगळ्यांचे असतात. घर मी पुढच्या कलमातल्या कारणाने देते.

कलम चौथे: लुडगरने स्वतःच्या तोंडाने काय केले

गेल्या वर्षी ईस्टरच्या रविवारी लुडगर कॉफीला आला. हेडलने केलेल्या खसखशीच्या केकचे दोन तुकडे खाऊन झाल्यावर त्याने विषय काढला. हेडल आत भांडी घासत होती आणि आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत.

"आत्या, घराचं काय करायचं ठरवलंयस?"

"का, तुला काय करायचंय?"

"हेनिंगला तिथं कचेरी करायची आहे. लग्नानंतर तो घरूनच काम करणार ना." हेनिंग म्हणजे डॉर्टमुंडचा, संगणकावर काहीतरी करणारा मुलगा, लुडगरच्या मुलीचा, थेक्लाचा, तेव्हाचा होणारा नवरा.

"तिथं हेडल राहते."

"राहू दे की! मी काय तिला हाकलतोय? राहायचा हक्क लिहून दे तिला, मरेपर्यंत. मालकी वाडीकडे येऊ दे. ती आपल्यातली थोडीच आहे, आत्या."

"तुझ्या आजीने तिला आकडीभोवती फिरवलंय."

लुडगर हसला. "ते मांजरालाही करतात."

भांड्यांचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, जरा जोरात.

तो गेल्यावर हेडल हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "दे की गं त्याला. मला काय करायचंय मालकीचं? एक कॉट लागते मला."

"अख्खं आयुष्य परवानगीनं राहिलीस. आता काय, मरणही परवानगीनं?"

"परवानगीनं झोपही चांगली लागते," ती म्हणाली आणि कोंबड्या कोंडायला गेली. त्या रात्री ती जेवली नाही. एवढ्या वर्षांत मी तिला न जेवता पाहिली ती तेवढीच.

मग मे महिन्यात लग्न झाले. वाडी थेक्लाला मिळणार, म्हणून आमच्या रिवाजाप्रमाणे नवऱ्याने वाडीचे नाव घ्यायचे. हेनिंग टेम्मिंग झाला. थेक्लाला जुनी रीत हवी होती. नव्या माणसाला आकडीभोवती फिरवा, ती म्हणाली. आकडी धाकट्या घरात! म्हणून अख्खे वऱ्हाड, ऐंशी माणसे, वाजंत्री, फोटोवाला, सगळे आमच्या अंगणात आले. शेकोटीचा दगडी ओटा खोलीच्या मधोमध आहे, त्यामुळे फिरायला जागा आहे. पण फिरवायचे कोणी?

रीत अशी आहे की फिरवणारी बाई स्वतः एकदा बाहेरून आलेली आणि फिरवलेली असावी लागते. एकीने दुसरीला आत घ्यायचे, अशी ती साखळी. घरात जन्मलेलीला हा मान नाही, म्हणजे मला नाही. लुडगरची बायको आली तेव्हा चूल आधीच पाडलेली होती, तिला कोणी फिरवलेच नव्हते. आई गेलेली, आजी गेलेली, अँटोनची बायकोही गेलेली. खोलीत सगळे एकमेकांकडे पाहू लागले. फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला.

आणि लुडगर, छातीला फूल लावलेला, दोन पेले झालेला लुडगर, ऐंशी माणसांसमोर मोठ्याने ओरडला, "अरे, हेडल आहे की! तिला आजीने फिरवलीय! हेडल, ये पुढं, तूच आता घरातली थोरली!"

हेडल स्वयंपाकघराच्या दारात ॲप्रन लावून उभी होती. ती माझ्याकडे पाहू लागली. मी तिचा ॲप्रन सोडला.

क्लेमेन्स वॉर्टमानने पाइप तोंडातून काढला आणि हळूच म्हणाला, "पहिल्या शेजाऱ्याने ऐकलं बरं का, लुडगर."

"काय ऐकलंस?"

"हेच. घरातली थोरली."

लुडगरचा चेहरा बीटासारखा झाला. "म्हणजे... फोटोपुरतं म्हटलं मी."

तेव्हा थेक्ला, पांढऱ्या झग्यात, म्हणाली, "पप्पा, फोटोपुरतं असेल तर हेनिंगही फोटोपुरताच टेम्मिंग."

हेडलने हेनिंगचा हात धरला. तो सहा फुटांचा, ती त्याच्या कोपरापर्यंत. तीन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीला तिने त्याला म्हटले, "डोकं वाकव, तुळई आहे," आणि मला वाटले, घरात घेणे म्हणजे हेच असते, तुळई कुठे आहे ते सांगणे.

तेव्हा लुडगर, हे नीट वाच. हेडलच्या फेऱ्या मांजराच्या असतील, तर तुझा जावई मांजराने घरात घेतलेला आहे आणि वाडीचे नाव त्याला लागत नाही. जावई खरा असेल, तर ती खरी. दोन्हींतले एक निवड. मला माहीत आहे तू कोणते निवडशील, कारण तू मुळात वाईट नाहीस, फक्त तुझ्या बापासारखा बोलतोस. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू ट्रॅक्टर घेऊन आलास आणि आमच्या घरामागची खाजकुयली काही न बोलता कापून गेलास. तेव्हापासून घराचा विषय तुझ्या तोंडातून निघाला नाही. आमच्याकडे गप्प बसणे ही अर्धी सही असते. उरलेली अर्धी मी इथे करते.

कलम पाचवे: बँकेत जे असेल ते

सरकारच्या लेखी हेडल माझी कोणीही लागत नाही, म्हणून घरावर ते तिच्याकडून भरभक्कम कर घेतील. ज्या सरकारने तिला गुरासारखी वाटून दिली ते तिला परकी म्हणते, यावर मी वर्गात एक तास बोलले असते. इथे इतकेच लिहिते की माझी शिल्लक आधी त्या करात जावी, उरेल ते तिला. पैसे सत्कारणी लागल्याचे समाधान मला थडग्यातही मिळेल.

कलम सहावे: बायकी वाटा

सॅक्सनांच्या जुन्या कायद्यात काही गोष्टी बाईकडून बाईकडेच जात, पुरुषाला त्यांना हात लावता येत नसे. तागाची कापडे, उशा, पितळी पराती, हंस, आणि बायका वाचतात ती पुस्तके. त्या कायद्याचे शहाणपण मला नेहमी आवडले. त्याप्रमाणे माझे तागाचे सगळे कापड, आईची प्रार्थनेची पुस्तके, माझे शब्दकोश आणि चार हंस मी थेक्लाला देते. थोरला हंस चावतो. हेनिंगला सांगून ठेवावे.

थेक्ला, लग्नाच्या दिवशी तू एक वाक्य बोललीस. तेवढ्यासाठी मी तुला हंस सोडून सगळे आधीच दिले असते.

कलम सातवे: लुडगरला

पुरुषी वाट्यात जुन्या काळी तलवार आणि घोडा येई. माझ्याकडे दोन्ही नाही. माझ्या वडिलांचा विळा लुडगरला द्यावा, आणि माझ्या बागेच्या कडेने ट्रॅक्टर वळवण्याची वाट, जी तो पंधरा वर्षे मागतो आहे, ती कायमची द्यावी. हेडलची याला संमती आहे. तिने म्हटले, "त्याला वळता येत नसलं की तो माझ्या झेंडूंवरून जातो." लुडगर, दर हिवाळ्यात आमच्या पायरीवरचे बर्फ उकरून गेलास, आम्ही उठायच्या आत. आभार.

कलम आठवे: किरकोळ हिशोब

शाळेच्या ज्या मुख्याध्यापकाने माझ्या निरोप समारंभात मला 'आपल्या हस्तकलेच्या लाडक्या बाई' म्हटले, त्याला मी माफ करते. मी लॅटिन शिकवले हे त्याला आता तरी कोणी सांगावे.

चर्चसमोरची लिंडेनची झाडे गाड्या लावायला जागा हवी म्हणून ज्यांनी तोडली, त्यांतल्या कोणालाही मी माफ करीत नाही. स्वर्गात भेट झाल्यास पुन्हा बोलू.

कलम नववे: मधमाश्या

मधमाश्यांच्या पेट्या कागदावर माझ्या आहेत, कारण बाग माझी. एकदा माशीने ओठाला डंख केला तेव्हापासून मी खिडकीतून मालकी करते. पोसते ती हेडल. आमच्याकडे मालक मेला की मधमाश्यांना सांगावे लागते. वारसाने घराच्या किल्लीने पेटी ठोठावायची, कोण गेले ते सांगायचे आणि नवा मालक कोण ते स्वतःच्या तोंडाने म्हणायचे. न सांगितल्यास माश्या उठून जातात. दुसऱ्याने सांगून चालत नाही.

यात एक अडचण होती. हेडलने जन्मात कशालाही 'माझे' म्हटलेले नाही. ती 'आपले' म्हणते, 'तुमचे' म्हणते, अगदीच अडले तर 'इथले' म्हणते. म्हणून मी तिची तालीम घ्यायला लागले. पहिल्यांदा ती म्हणाली, "तुमची मालकीण गेली, आता बघू काय ते."

"हा काय हवामानाचा अंदाज आहे?" मी म्हटले.

दुसऱ्यांदा ती म्हणाली, "आता आम्हीच आहोत."

"आम्ही कोण? मी मेलेली असेन!"

यावर ती रुसली, तो रुसवा आठवडाभर टिकला. आज दुपारी, हा कागद इथपर्यंत आला असताना, तिने किल्ली खुंटीवरून काढली आणि बाहेर गेली. मी काठी घेऊन मागून गेले. क्लेमेन्स आणि आगाथे सहीसाठी आलेच होते, ते कुंपणापाशी थांबले. क्लेमेन्सने टोपी काढली. मी त्याला म्हटले, "घाल ती, मी अजून आहे."

हेडलने पहिल्या पेटीवर तीनदा ठोठावले.

"गेर्बुर्ग अजून आहे," ती माश्यांना म्हणाली. "भांडतेय. तुमच्याशी खोटं बोलणार नाही."

मग तिने किल्ली दुसऱ्या हातात घेतली. आगाथेने नाक पुसले.

"ती गेली की मी. मी हेडल. घर माझं आहे. राहा."

हिवाळ्यात पेटी ठोठावली की आत माश्या जिवंत असतील तर गुणगुणतात. आत गुणगुण झाली.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, दोन शब्द खोडले, कोणाचाही अपमान कमी केला नाही आणि कोणाचेही आभार वाढवून लिहिले नाहीत. यावर माझी सही करते.

गेर्बुर्ग टेम्मिंग

ठिकाण: धाकटे घर, टेम्मिंगची शेतवाडी
२ फेब्रुवारी २०२३, मेणबत्त्यांचा सण, ज्या दिवशी पूर्वी गडी आणि मोलकरणी घर बदलीत

साक्षीदार:

आगाथे वॉर्टमान. मी हिला खुर्चीत बसवून ठेवीन.

क्लेमेन्स वॉर्टमान, पहिला शेजारी. मे महिन्यात लुडगर बोलला ते मी ऐकले. आज हेडल बोलली तेही ऐकले. आणि पेटीतून आलेले उत्तरही.